पेशीतले निंदण: विषाणूशी झाड कसे झुंजते

२०२३ च्या खरिपात, शेंगा भरण्याच्या ऐन वेळी, विदर्भातल्या अनेक तालुक्यांत हिरवेगार सोयाबीन बघता बघता पिवळे पडले आणि ‘पिवळा मोझॅक’ हा शब्द कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेतून निघून गावच्या पारावर येऊन बसला. त्या वर्षी जे पिवळे पडले ते सगळेच विषाणूने पडले होते असे नाही, मूळकूज आणि खोडकूजही सोबतीला होती. पण तेव्हापासून पोळ्याच्या आगेमागे हा विषय दर वर्षी निघतोच. गेल्या हंगामात अशाच एका वावराच्या धुऱ्यावर उभे असताना एका वयस्क काकाजींनी मला विचारले, ‘‘भाऊ, माणसाले ताप आला त त्याचं अंग लढते. मंग या झाडाले काहीच करता येत नाही का?’’

प्रश्न साधा आहे, पण त्याचे खरे उत्तर जीवशास्त्रालाही गेल्या वीस वर्षांतच नीट सापडू लागले आहे. झाड लढते, आणि ज्या हत्याराने लढते त्यांपैकी एक हत्यार असे आहे की पेशी स्वतःच्या पोटातला शत्रू नेमका वेचून खाते.

विषाणू म्हणजे नेमके काय

विषाणू म्हणजे प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळलेला एक निरोप. सोयाबीन, मूग आणि उडदावर पिवळा मोझॅक आणणाऱ्या विषाणूचा निरोप डीएनएच्या दोन लहानशा कड्यांवर लिहिलेला असतो आणि प्रत्येक कडीत जेमतेम २,७०० अक्षरे असतात. सोयाबीनच्या स्वतःच्या जनुकसंचात सुमारे ११० कोटी अक्षरे आहेत. एवढ्या मोठ्या पोथीला एवढीशी चिठ्ठी भारी पडते, याचे कारण चिठ्ठीत नवे असे काही नसते. ‘माझ्या प्रती काढा’ एवढेच त्यात लिहिलेले असते. विषाणूकडे स्वतःची गिरणी नाही. तो दुसऱ्याच्या गिरणीत रात्री शिरून, दुसऱ्याच्याच विजेवर, आपले दळण दळून घेतो.

ही चिठ्ठी पोहोचवते पांढरी माशी. दुपारी रोगट झाडाची फांदी हलवली की पानांच्या खालून राख उडावी तशा या माश्या उठतात. एकेक माशी साधारण एक मिलिमीटरची. ती पानात सोंड खुपसून रस ओढते आणि त्याच वाटेने विषाणू थेट अन्नवाहिन्यांच्या पेशींत उतरवते.

विषाणूवर फवारणी का नाही, याचे उत्तरही इथेच आहे. बुरशीची स्वतःची पेशीभित्ती असते आणि अळीची स्वतःची मज्जासंस्था असते, त्यामुळे त्यांवर नेम धरता येतो. विषाणू वापरतो ते बहुतेक सगळे झाडाचेच असते. गिरणी बंद पाडावी तर घरधनीच उपाशी मरतो.

रक्त नाही, मग लढते कोण

माणसाच्या शरीरात पांढऱ्या पेशी गस्त घालतात. झाडात अशी फिरती फौज नाही, कारण झाडाची प्रत्येक पेशी कडक भिंतीत बंद आहे आणि जागची हलू शकत नाही. म्हणून झाडाने दुसरा मार्ग धरला: प्रत्येक पेशीला स्वतःचे रक्षण स्वतःच करावे लागते.

त्यातली पहिली फळी कात्रीची आहे. विषाणूच्या निरोपाच्या प्रती निघू लागल्या की पेशीतली काही प्रथिने त्यांचे बारीक तुकडे करतात आणि तेच तुकडे नमुना म्हणून धरून तसाच मजकूर असलेल्या इतर प्रतीही शोधून कापतात. या व्यवस्थेला ‘आरएनए सायलेन्सिंग’ म्हणतात. आपण तिला या लेखात कात्रीच म्हणू. विषाणूही तयारीनेच आलेला असतो. वनस्पतींच्या बहुतेक विषाणूंकडे ही कात्री बोथट करणारे एखादे तरी प्रथिन असते. पहिली फळी अशी फुटली की दुसरी कामाला लागते, आणि आपला विषय ती दुसरी फळी आहे.

ऑटोफॅजी: घरातलेच खाणे

‘ऑटोफॅजी’ हा शब्द ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ स्वतःला खाणे, म्हणजे स्वभक्षण. बेल्जियन शास्त्रज्ञ ख्रिस्तियन द दूव यांनी १९६३ मध्ये तो रूढ केला. पुढे जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टवर, म्हणजे पाव फुगवणाऱ्या किण्वावर, काम करून ही प्रक्रिया चालवणारी जनुके शोधली आणि त्यासाठी त्यांना २०१६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांची युक्ती सांगण्यासारखी आहे. यीस्टच्या पेशीतला कचरा इतक्या झटपट पचतो की तो तिथे गेला होता हेच दिसत नाही. ओसुमींनी पचनाची विकरे नसलेले यीस्ट घेतले आणि त्याला उपाशी ठेवले. काही तासांतच पेशीच्या आतल्या पिशवीत न पचलेल्या पुड्या साठलेल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागल्या. चूल विझवली, तेव्हा सरपण किती येत होते ते कळले.

प्रक्रिया अशी चालते. पेशीच्या आत एक दुपदरी पातळ पडदा तयार होतो, तो वाढत जाऊन वाटीसारखा वाकतो आणि शेवटी तोंड मिटून पोते बनतो. मोडकी प्रथिने, निकामी झालेले भाग, जे काही आत सापडेल ते या पोत्यात बंद होते. हे पोते पेशीच्या मोठ्या पिशवीकडे जाते, तिच्यात रिकामे होते आणि तिथल्या विकरांनी सगळ्याचे मूळ घटक सुटे होतात. ते घटक पेशी पुन्हा वापरते. उकिरड्यावर टाकलेले शेण-काडी पुढच्या हंगामात खत होऊन वावरात परत येते, तसाच हा हिशेब आहे.

त्या मोठ्या पिशवीला रिक्तिका म्हणतात, आणि नाव ‘रिक्तिका’ असले तरी ती रिकामी नसते. वाढ पूर्ण झालेल्या पेशीची बहुतेक जागा तिनेच व्यापलेली असते. नागपुरी संत्र्याची फोड दाताखाली फुटल्यावर तोंडात जो आंबट-गोड रस येतो, तो मुख्यतः अशाच रिक्तिकांमधला असतो. साठवण, पाण्याचा ताण आणि पचन ही तिन्ही कामे ती एकाच ठिकाणी करते. म्हणजे घराची कोठी आणि घराचा उकिरडा एकच, आणि तरीही सगळे सुरळीत.

ही व्यवस्था विषाणूसाठी जन्मलेली नाही. नत्र कमी पडले की झाड खालच्या जुन्या पानांतली प्रथिने मोडून वरच्या कोवळ्या पानांकडे आणि बोंडांकडे पाठवते, आणि त्या मोडणीत ऑटोफॅजीचा मोठा वाटा असतो. ऑटोफॅजीची जनुके निकामी केलेली झाडे उपासमारीत लवकर पिवळी पडून वाळतात, हे प्रयोगांत वारंवार दिसले आहे. वावरात याचा एक उपयोग होतो: पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू होऊन पानभर सारखा असेल तर आधी नत्राची शंका घ्यावी, वरच्या कोवळ्या पानांत हिरव्या-पिवळ्या ठिगळांची गोधडी दिसली तर विषाणूची. पान उन्हाकडे धरून पाहिले की ही ठिगळे स्वच्छ दिसतात, आणि ती शिरांच्या दोन्ही अंगांना बेशिस्त पसरलेली असतात.

वखरणी आणि निंदण

आता मुद्द्याचा शब्द: निवडक ऑटोफॅजी. वखर फिरला की वाटेत येईल ते उपटले जाते. निंदणाला बसलेल्या बाया मात्र कपाशीच्या तासातून पुढे सरकताना पऱ्हाटीला हात लावत नाहीत. दिवाळी, केना, हराळी ही तणे ओळखून तेवढीच काढतात. उपासमारीत पेशी वखरासारखी वागते. आत शत्रू शिरला की ती निंदणाला बसते.

निंदणारीला तण ओळखता यावे लागते, तसेच पेशीलाही ओळखणारे कोणीतरी लागते. हे काम ग्राहक प्रथिने करतात. त्यांपैकी वनस्पतींत सर्वांत जास्त अभ्यासलेल्या प्रथिनाचे नाव आहे ‘एनबीआर१’. त्याला जणू दोन हात आहेत. एका हाताने ते टाकायची वस्तू धरते. दुसऱ्या हाताने ते ‘एटीजी८’ या प्रथिनाला धरते, आणि हे एटीजी८ त्या दुपदरी पोत्याच्या पडद्यावर जागोजाग टाचलेले असते. वस्तू आणि पोते असे एकमेकांना बांधले गेले की पोते त्या वस्तूभोवतीच मिटते. वस्तू ओळखायला बहुतेक वेळा ‘युबिक्विटिन’ नावाच्या लहान प्रथिनाची खूण उपयोगी पडते. विक्रीला काढलेल्या बैलाच्या शिंगावर रंगाचा पट्टा ओढतात, तशी ही खूण ‘हे जायचे आहे’ एवढेच सांगते. काही वेळा खुणेवाचूनही थेट ओळख पटते.

फुलकोबीवरच्या मोझॅक विषाणूबाबत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे स्पष्ट दिसले. एनबीआर१ या विषाणूच्या वेष्टनाच्या प्रथिनाला आणि तयार झालेल्या कणांनाही धरते आणि त्यांना रिक्तिकेची वाट दाखवते. ज्या झाडांत एनबीआर१ नव्हते, त्यांत विषाणू जास्त साठला.

कपाशीच्या विषाणूने शिकवलेला धडा

आपल्याला जवळचे उदाहरण कपाशीचे आहे. पाकिस्तानातल्या मुलतान भागात आणि आपल्याकडे मुख्यतः पंजाब, हरियाणा व राजस्थानात कपाशीची पाने वाटीसारखी मुडपणारा एक विषाणू आहे. तोही पांढऱ्या माशीनेच पसरतो. त्याच्यासोबत डीएनएचा एक आणखी छोटा तुकडा प्रवास करतो. बंडीच्या मागे चालणाऱ्या वासरासारखा तो स्वतःच्या बळावर कुठे जाऊ शकत नाही, पण उपद्रव मात्र त्याचाच मोठा असतो. या तुकड्यावर ‘बीटा-सी१’ नावाचे एक प्रथिन लिहिलेले आहे. तेच पेशीची कात्री बोथट करते आणि पानांचा मुडपाही बऱ्याच अंशी त्यानेच येतो.

चीनमधल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवले की तंबाखूच्या एका जंगली बहिणीत हे बीटा-सी१ प्रथिन पोत्यावरच्या एटीजी८ कुळातल्या एका प्रथिनाला थेट चिकटते आणि त्यामुळे पोत्यात जाऊन नष्ट होते. म्हणजे इथे विषाणूचे हत्यारच पेशीच्या हाती लागते. हे खरेच तसे आहे का, याची त्यांनी केलेली पारख मला या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी वाटते. बीटा-सी१ ही सुमारे ११८ मण्यांची, म्हणजे अमिनो आम्लांची, माळ आहे. त्यांनी तिचा फक्त ३२ वा मणी बदलला. एवढ्याने ते प्रथिन एटीजी८ ला चिकटेनासे झाले, पोत्यातून सुटले, आणि असा बदललेला विषाणू टोचलेल्या झाडांत लक्षणे अधिक तीव्र झाली आणि विषाणूचा डीएनएही जास्त आढळला. उलट दिशेनेही त्यांनी तपासले. ऑटोफॅजीची दोन जनुके दाबली तेव्हा झाड अधिक आजारी पडले. ऑटोफॅजीला एरवी आवर घालणारे एक प्रथिन दाबले तेव्हा ऑटोफॅजी वाढली आणि झाड विषाणूला जास्त टिकले. एकच गोष्ट तीन बाजूंनी ठोकून पाहिली आणि तिन्ही वेळा आवाज तोच आला.

स्वतःला खाणारी पेशी मरत कशी नाही?

ही शंका रास्त आहे. झाडे कधी कधी रोग थोपवण्यासाठी पेशींचा मुद्दाम बळीही देतात. विषाणू जिथे शिरला तिथल्या पेशी झटपट मरतात, पानावर तपकिरी ठिपका पडतो आणि विषाणू त्या ठिपक्यात कोंडला जातो. गंजीला आग लागली की भोवतालची काडी ओढून मोकळा पट्टा करतात, तसे हे आहे.

मात्र ही मरणाची साथ कुठे थांबवायची हेही ठरावे लागते, आणि तिथे ऑटोफॅजी उपयोगी पडते. २००५ मध्ये तंबाखूच्या त्याच जंगली बहिणीवर झालेल्या प्रयोगात ऑटोफॅजी सुरू करणारे एक प्रथिन दाबून मग तंबाखूचा मोझॅक विषाणू टोचला, तेव्हा पेशींचे मरण ठिपक्यापुरते राहिले नाही. ते निरोगी भागात पसरत गेले. थोडक्यात, इथे स्वभक्षणाचे काम पेशी मारण्याचे नव्हते, मरणाला कुंपण घालण्याचे होते. नावावरून उलटाच समज होतो, त्यात वाचकाचा दोष नाही.

एवढी व्यवस्था असताना झाड पिवळे का पडते?

कारण विषाणूही स्वस्थ बसलेला नाही. त्याच्या काही चाली इतक्या बेरकी आहेत की त्या शोधणाऱ्यांनाही आधी विश्वास बसला नसेल.

फुलकोबीचा तोच विषाणू पेशीत स्वतःभोवती प्रथिनांचा दाट गोळा तयार करतो आणि आपले कण त्या गोळ्यात दडवून ठेवतो. एनबीआर१ चा हात तिथवर पोहोचत नाही. सातूवर पट्टे आणणारा एक विषाणू वेगळे करतो. एटीजी८ पोत्यावर टाचले जाण्याआधी त्याला ‘एटीजी७’ या दुसऱ्या प्रथिनाची गाठ घ्यावी लागते. विषाणूचे एक प्रथिन मधे घुसून ही गाठच होऊ देत नाही. पोते शिवायला बसलेल्या माणसाच्या दाभणात सुतळीच ओवू दिली नाही, तर पोते शिवले जाणार कसे?

सर्वांत खोडसाळ चाल बटाट्याच्या पानगुंडाळी विषाणूच्या कुळातली आहे. या कुळातल्या विषाणूंचे एक प्रथिन पेशीच्या कात्रीचे पातेच, म्हणजे कापण्याचे मुख्य काम करणारे ‘आर्गोनॉट’ प्रथिन, टाकाऊ म्हणून पुढे करते आणि पेशी ते ऑटोफॅजीच्या वाटेने स्वतःच मोडून टाकते. घरच्या माणसाच्या हातून घरचाच विळा उकिरड्यावर फेकून घ्यायचा, असा हा प्रकार.

आणखी एक गुंता आहे, आणि तो मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो. फुलकोबीच्या विषाणूवरच्या त्या प्रयोगांत ऑटोफॅजी नसलेली झाडे विषाणू लागल्यावर लवकर मरत होती, तर ऑटोफॅजी असलेली झाडे रोगट अवस्थेतही तग धरून होती. झाडाच्या बाजूने ही चांगली गोष्ट आहे. पण झाड जितके दिवस उभे, तितके दिवस त्याच्यावर मावा बसणार (हा विषाणू पांढऱ्या माशीने नव्हे, माव्याने पसरतो) आणि विषाणू पुढच्या झाडावर नेणार. तेव्हा एकाच प्रक्रियेचा फायदा झाडालाही होतो आणि विषाणूलाही, आणि दोघांचा हिशेब एका ओळीत मांडता येत नाही.

वावरातल्या पिवळ्या झाडात हे सगळे एकाच वेळी चाललेले असते. कोणत्या बाजूचे पारडे जड होईल हे वाणावर, झाडाच्या वयावर आणि माश्यांनी किती लवकर व किती वेळा विषाणू सोडला यावर अवलंबून असते. लहान रोपाला झालेली लागण म्हणूनच जास्त नुकसान करते.

मग ऑटोफॅजी वाढवणारे औषध का नाही?

त्याच काकाजींनी खिशातून एक घडी घातलेले पत्रक काढून दाखवले. गावातल्या दुकानात मिळालेल्या एका बाटलीचे ते पत्रक होते. दुकानाचे आणि मालाचे नाव इथे महत्त्वाचे नाही. ‘पिकाची प्रतिकारशक्ती पेशीपातळीवर वाढवते, व्हायरस मुळापासून नष्ट’ असे त्यावर छापले होते. मात्रा प्रतिपंप लिहिली होती. आत कोणता घटक आहे याचा उल्लेख कुठेच नव्हता.

पेशीपातळीवर काहीतरी घडते, एवढ्यापुरते ते वाक्य खोटे नाही. पण वर सांगितलेले प्रयोग जनुके दाबून किंवा बदलून केलेले आहेत आणि ते मुख्यतः अरॅबिडॉप्सिस ही मोहरीच्या कुळातली वनस्पती व तंबाखूची जंगली बहीण अशा प्रयोगशाळेतल्या झाडांवर झाले आहेत. पानावर फवारलेला थेंब पेशीत शिरून फक्त विषाणूपुरती ऑटोफॅजी वाढवील, असे त्यांतून निघत नाही. शिवाय हीच प्रक्रिया झाडाच्या रोजच्या पोषणाशी जोडलेली आहे. ती केव्हा आणि कोणत्या अवयवात वाढली याला महत्त्व आहे. शेंगा भरण्याच्या वेळी पाने भलत्या गतीने मोडीत निघाली तर विषाणूशिवायच उतारा घटेल.

‘म्हणजे या संशोधनाचा शेतकऱ्याला काहीच उपयोग नाही,’ असा उलटा निष्कर्षही घाईचा ठरेल. ऑटोफॅजीची काही जनुके जास्त कामाला लावलेली अरॅबिडॉप्सिसची झाडे अधिक जोमाने वाढली आणि त्यांना बीही जास्त आले, असेही प्रयोगांत दिसले आहे. खरा उपयोग वाण तयार करताना आहे. कोणत्या वाणातले ग्राहक प्रथिन विषाणूचे हत्यार घट्ट धरते आणि कोणत्या वाणात ती पकड ढिली आहे, हे कळले तर निवडीला एक नवी कसोटी मिळते. ही कसोटी बाटलीतून येत नाही, बियाण्यातून येते. आणि बियाण्याला वर्षे लागतात.

तोवर हाती असलेले उपाय जुनेच आहेत आणि त्यांतले बरेचसे विषाणूऐवजी त्याच्या वाहनावर नेम धरतात. सहनशील वाण निवडावा, पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावावेत, युरियाचा हात आवरता ठेवावा, कारण लुसलुशीत पानावर माशी जास्त बसते, आणि फवारणी करायचीच तर विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे माशीसाठी करावी. गोधडीसारखी पाने दिसताच ते झाड उपटावे. उपटताना एक काळजी घ्यावी लागते. भर दुपारी झाड ओढले की माश्या उडून शेजारच्या तासावर बसतात. सकाळी गारव्यात त्या सुस्त असतात.

काकाजींनी पत्रक पुन्हा खिशात घातले आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच युरियाचे एक रिकामे पोते घेऊन ते वावरात गेले. रोगट झाडावर वरून पोते ओढून, तोंड मुठीत आवळून, मग बुडापासून झाड उपटायचे, अशी त्यांची रीत होती. उन्हे वर येईपर्यंत कोपऱ्यातले अर्धे पोते भरले होते, आणि ते पुरायला खड्डा आधीच खणून ठेवलेला होता.